डिशवॉशर गळायलाय? पाना शोधायच्या आधी पेपर अंथरा

मी बेळगावात उद्यमबागेत हायड्रॉलिकच्या कामात आहे, म्हणजे दिवसभर काय तर ऑइल कुठनं गळायलंय ते शोधायचं, सील बदलायचं, ओ-रिंग बदलायची आणि परत प्रेशरला लावून बघायचं. त्यामुळं पै-पाहुण्यात कुणाच्या घरात थेंब दिसला की फोन मला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये भांड्याच्या मावशी यायच्या बंद झाल्या तेव्हा आमच्या भावकीत तीन घरांत डिशवॉशर आले, आणि आता एकेक करून तिन्ही गळून झाले. तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं, आणि एकदाही पंप गेलेला नव्हता. हे मुद्दाम आधी सांगतो कारण पाणी दिसलं की सगळ्यांच्या डोक्यात पहिलं तेच येतं, पंप गेला, आता पाच-सहा हजाराला खड्डा.

माझ्या स्वतःच्या मशीनला मी काय केलं ते ऐका म्हणजे तुम्ही ते करणार नाही. रविवारी सकाळी दाराखाली पाणी दिसलं, मी लगेच स्क्रू ड्रायव्हर घेऊन खालची पट्टी काढली, दोन्ही बाजूचे पत्रे काढले, टॉर्च लावून पोटात डोकं घातलं, दुपारचे दोन वाजले, जेवण थंड झालं, आत सगळं कोरडं ठणठणीत. मग आमची आई आली आणि म्हणाली "अरे ते दाराला काय चिकटलंय बघ". दाराच्या खालच्या कडेला जी रबरी पट्टी असते तिच्याखाली कढीपत्त्याचं एक पान आडवं बसलं होतं, तेलकट होऊन अगदी रबराच्याच रंगाचं झालेलं. पान काढलं, गळती बंद. चार तास गेले आणि एक पत्रा परत बसवताना वाकला तो वाकलाच.

तर पहिली गोष्ट, प्लग काढा. नुसतं बटण बंद करून चालत नाही, १६ अँपिअरचा प्लग सॉकेटमधनं ओढून बाहेर काढायचा, आणि तेसुद्धा कोरड्या फरशीवर चप्पल घालून उभं राहून. सॉकेटच पाण्यात असलं तर त्याला हात न लावता घराचा मेन पाडा. मग मशीनचा नळ बंद करा. ज्यांच्या घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) नाही त्यांनी हे निमित्त करून तो बसवून घ्यावा, पाणी आणि हीटर एका डब्यात असलेलं यंत्र आहे हे.

आता फरशी पूर्ण कोरडी पुसा आणि पेपर अंथरा. तरुण भारतचे जुने अंक घरात असतातच, ते उघडून मशीनच्या खाली जितके सरकतील तितके सरकवा, पुढं, डावी बाजू, उजवी बाजू, मागं नळाखाली एक आणि सिंकखाली जिथं ड्रेनचा पाइप जोडलाय तिथं एक. मग प्लग लावून, नळ सोडून, रिकामं मशीन छोट्या प्रोग्रॅमवर चालू करा आणि स्टूल घेऊन तिथंच बसा, मोबाइल बघत बसलात तरी चालेल पण उठून जाऊ नका. पेपरचा फायदा असा की पाणी पडलं की कागद लगेच काळा पडतो आणि पहिला डाग कुठं पडला ते कळतं. फरशीवर पाणी उतार बघून पळतं, गळतंय मागं आणि दिसतंय पुढं असं नेहमी होतं, आमच्या हायड्रॉलिक प्रेसवरसुद्धा ऑइल दिसतं खालच्या पाइपला आणि गळत असतं वरच्या जॉइंटला. आणि मशीन चालू असताना हात घालायचा नाही, नुसतं बघायचं.

बघायचं काय तर डाग कुठं पडला आणि किती वाजता पडला. चालू केल्या केल्या पहिल्या दोन मिनिटांत, पाणी भरायचा आवाज येत असताना मागं ओलं झालं तर नळाकडची बाजू. भांड्यावर पाणी फिरायचा सपसप आवाज सुरू झाल्यावर पुढं ओलं झालं तर दार, गॅस्केट (दाराची रबरी पट्टी) नाहीतर आतला पाणी उडवणारा फिरता पंखा. घुर्रर्र करून पाणी बाहेर टाकताना ओलं झालं तर ड्रेन पाइप. मशीन बंद, रात्रभर कुणी हात लावला नाही आणि सकाळी पाणी, तर परत नळाकडची बाजू, कारण तिथं प्रेशर चोवीस तास असतं.

अजून एक सोपी खूण, पाण्यात बोट बुडवा (प्लग काढल्यावरच हां). गार आणि स्वच्छ पाणी असेल तर ते अजून मशीनच्या आत गेलेलंच नाही, नळ, पाइप नाहीतर इनलेट व्हॉल्व्ह (पाणी आत सोडणारा) एवढ्यातच शोधा. कोमट, तेलकट, आमटीचा वास असलेलं असेल तर ते आतनं आलंय. या एका गोष्टीनं निम्मं काम कमी होतं.

काही वेळा गळती नसतेच. आपल्याकडं जून ते सप्टेंबर पाऊस कसा असतो ते सांगायला नको, मागच्या वॉश एरियातली फरशी आपणहून ओली राहते, भिंतीला ओल चढते, आणि मशीन तिथंच ठेवलेलं असतं. आमच्या टिळकवाडीच्या आत्यांनी दोन आठवडे मशीन बंद ठेवलं होतं, मी जाऊन पेपर अंथरला तर मशीन चालू न करताच पेपर ओला, भिंतीतनं पाणी यायलं होतं. दुसरं म्हणजे पाणी मऊ करायला लागणारं मीठ भरताना खालच्या टाकीतनं पाणी वर येऊन आत पसरतं, ते होणारच, आत मिठाच्या जागी पाणी भरलेलं असतं ते बाहेर पडतं. सांडलेलं मीठ पुसून लगेच एक प्रोग्रॅम लावा, नाहीतर स्टीललासुद्धा गंज धरतो.

आता फेस. डिटर्जंट संपला म्हणून कुणीतरी सिंकवरचं भांड्याचं लिक्विड चमचाभर घालतं, आणि मग दारातनं फेस बाहेर येतो, अगदी पातेल्यातनं दूध उतू जावं तसा. हे मशीन बिघडलेलं नाही. प्रोग्रॅम रद्द करा, पाणी बाहेर टाकू द्या, प्लग काढून आतला फेस मगानं उपसा, खाली थोडं व्हिनेगर ओता आणि नुसतं रिन्स दोन-तीन वेळा चालवा. रिन्स एड (भांडी चकाकायला घालतात ते लिक्विड) भरताना सांडलं आणि पुसलं नाही तरी थोडा फेस होतो. म्हणून घरात कुणाला तरी विचारा, काल काय घातलं होतं? खरं उत्तर यायला वेळ लागतो पण येतं.

पुढनं गळत असेल तर सगळ्यात आधी गॅस्केट. दार उघडून डब्याच्या कडेला बघा, दोन्ही बाजू आणि वर अशी उलट्या यू सारखी रबरी पट्टी असते, आणि दाराच्या खालच्या कडेला वेगळी एक पट्टी असते जी लोकांना माहीतच नसते कारण ती बघायला गुडघ्यावर बसावं लागतं. खरी घाण तिथं. मोहरी, फोडणीतली उडदाची डाळ, भाताची शितं, वरनं तुपाचा थर. कोमट पाण्यात थोडं व्हिनेगर घालून जुना टूथब्रश घ्या आणि घडीच्या आत आतपर्यंत घासा, मग कोरड्या फडक्यानं पुसा. ब्लीच किंवा फिनाइल लावू नका, रबर कडक होतं. पुसताना बोट फिरवत जा, जिथं चीर असेल, जिथं पट्टी दबून सपाट झाली असेल तिथं बोटाला कळतं. सील तपासताना आम्ही डोळ्यापेक्षा नखावर विश्वास ठेवतो.

मग कागदाची टेस्ट करा. पेपरची दोन बोटं रुंद पट्टी फाडा, गॅस्केटवर ठेवून दार लावा आणि पट्टी हळू ओढा. अडकत अडकत आली तर सील चांगलं दाबतंय. सुळ्ळकन आली तर त्या जागी दाब नाही. असं वर तीन ठिकाणी, दोन्ही बाजूला तीन-तीन ठिकाणी करा. एकाच जागी सैल लागलं तर तिथं रबर खराब आहे, पण एक अख्खी बाजू सैल लागली तर रबराचा दोष नाही, दार तिरकं झालंय नाहीतर लॉक सैल झालाय. उघड्या दारावर पोरं बसतात, कुकर ठेवतात, आणि बिजागरी खाली बसते. बिजागरीच्या आणि लॉकच्या स्क्रूवर एकदा पाना फिरवून बघा.

गॅस्केट बदलायचं ठरलं तर मॉडेल नंबर घेऊन जा, तो दाराच्या कडेवर स्टिकरवर असतो, फोटो काढून घ्या. रविवार पेठेत नाहीतर खडेबाजारात "असलंच बसतं साहेब" म्हणून मीटरवर रबर देणारे भेटतील, घेऊ नका, माप एक मिलिमीटर इकडं-तिकडं झालं तरी गळणार, कंपनीचंच मागवा. जुनं बहुतेक मशीनमध्ये हातानं ओढलं की निघतं, स्क्रू नसतो. खाच स्वच्छ करा, नवीन रबर गरम पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा म्हणजे मऊ होतं, आणि वरच्या मधल्या बिंदूपासनं सुरू करून दोन्हीकडं दाबत दाबत खाली या. ओढून ताणून बसवलं तर दोन दिवसांत आखडतं आणि टोकाला फट पडते. थोडं जास्त वाटलं तरी कापायचं नाही, तेच मागं दाबत न्यायचं, बसतं. आणि कृपा करून सिलिकॉनची ट्यूब लावू नका, एकदा ते लावलं की पुढं नवीन रबरसुद्धा नीट बसत नाही, मग माझ्यासारख्याला ब्लेडनं खरवडत बसावं लागतं.

गॅस्केट चांगलं आहे तरी पुढच्या कोपऱ्यातनं पाणी येतंय, तर खालचा फिरता पंखा काढून बघा. तो नुसता वर ओढला की निघतो, काहींना खटका असतो. भोकात मोहरी अडकली किंवा जोडावर पंखा चिरला की पाण्याची धार जिकडं जायला नको तिकडं, सरळ दाराच्या फटीवर जाते, आणि कितीही चांगलं रबर असलं तरी ते थेट धारेसाठी केलेलं नसतं. भोकं टूथपिकनं साफ करा, चीर असेल तर पंखाच बदला, चिकटवलेला टिकत नाही. भांडी कशी लावली तेसुद्धा बघा. झारा किंवा डाव खाली लोंबकळला की पंखा अडतो आणि धार एकाच जागी मारत बसते. आमच्याकडं दिवाळीत कुंदा आटवलेलं पातेलं तिरकं घातलं होतं, त्याच्या काठाला लागून पाणी दारावर उडत होतं, पातेलं काढलं की गळती बंद, घातलं की चालू. (ते पातेलं शेवटी हातानंच घासावं लागलं, आटलेला खवा कुठल्या मशीनला निघत नाही.)

मशीन लेव्हलला आहे का तेही याच वेळी बघा. दार उघडून आत कडेवर लेव्हल ठेवा, नसेल तर मोबाइलमधली चालते. पुढं झुकलेलं असेल तर पाणी दाराकडं येतं. पुढचे पाय फिरवून मशीन पुढनं वर घ्या. आपल्याकडं वॉश एरियात मोरीकडं उतार काढलेला असतो, आणि मशीन नेमकं त्याच उतारावर तोंड करून ठेवलेलं असतं.

मागची बाजू. मशीन ओढताना पायाखाली पोतं घाला, टाइल्सवर ओरखडे येत नाहीत आणि सरकतंही सोपं, वजन चाळीस-पन्नास किलो असतं त्यामुळं एकट्यानं करू नका. नळाला जो पाइप जोडलाय त्याचा नट पाऊण इंची असतो आणि त्याच्या आत रबरी वायसर असतो. सील तो वायसर करतो, आटे करत नाहीत. आपले प्लंबर मात्र आट्यावर टेफ्लॉनची अख्खी गुंडाळी मारतात, मग नट पूर्ण बसतच नाही आणि वायसर दबत नाही, आणि गळायला लागलं की अजून टेफ्लॉन. अर्धा इंची नळावर जो अडॅप्टर लावतात त्याच्या आट्यावर टेफ्लॉन बरोबर, पाइपच्या नटावर नाही. वायसर काढून बघा, कडक किंवा चपटा झाला असेल तर नवीन घाला, पाच-दहा रुपयांची वस्तू. नट हातानं घट्ट, मग पान्यानं पाव फेरा, बास. जोर लावला की प्लॅस्टिकचा नट चिरतो.

काही मशीनच्या पाइपला नळाकडच्या टोकाला जाडजूड डबा असतो, ती गळती थांबवायची सोय आहे. त्यात बऱ्याचदा वायर असते, तो पाइप कापायचा नाही, डबा पाण्यात बुडवायचा नाही. डब्याच्या खिडकीत लाल दिसलं तर तो आतनं फुटून बंद झालाय, अख्खा पाइप बदलायचा.

पाइप सुटा केलाच आहे तर टोकाची बारीक जाळी पक्कडनं काढून धुवा. आपल्या भागात राकसकोप धरणाचं पाणी येत नाही त्या दिवशी बोअर नाहीतर टँकर, आणि चार दिवसांनी पाणी सुटलं की आधी लाल गाळ येतो. जाळी चुकवून वाळूचा कण व्हॉल्व्हमध्ये बसला की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, मशीन बंद असतानासुद्धा आत थेंब थेंब भरत राहतं आणि सकाळी उंबऱ्यावरनं बाहेर. याची टेस्ट अशी, मशीन पाणी घ्यायला लागलं की मध्येच स्विच बंद करा. पाणी यायचं थांबलं तर व्हॉल्व्ह चांगला आहे आणि जास्त भरत असेल तर पातळी मोजणारा भाग, काही मशीनमध्ये आत कोपऱ्यात टोपीसारखा फ्लोट असतो तो, घाणीनं अडकलाय. स्विच बंद करूनही पाणी येतच राहिलं तर व्हॉल्व्ह गेला. व्हॉल्व्ह साफ करत बसू नका, बदला. आणि तोपर्यंत रोज काम झालं की नळ बंद करत जा.

ड्रेन पाइपची कथा वडगावच्या वहिनींची. रात्री साडेनऊला फोन, "अहो भावजी, मशीन गळायलंय बघा, मागनं नुसता लोट यायलाय". पाणी टाकतानाच यायचं, तेलकट, कोमट, म्हणजे ड्रेन हे फोनवरच कळलं. मशीन ओढलं तर नळीला मागच्या बाजूला चार भोकं, कडा दातेरी, आणि खाली काळ्या लेंड्या. उंदीर. खरकट्याचा वास असलेली मऊ प्लॅस्टिकची नळी आणि मागं गरम अंधारी जागा, त्याला दुसरं काय पाहिजे. वहिनींनी तोवर एम-सील लावून ठेवलं होतं, ते सालपटासारखं सुटून आलं, त्या प्लॅस्टिकला ते चिकटतच नाही, इन्सुलेशन टेपही दोन दिवसांची. नळी बदलायचीच, क्लॅम्प फक्त टोकाच्या गुळगुळीत भागावर बसतो, मधल्या वळ्यावळ्यांवर बसत नाही. नवीन नळी लावल्यावर भिंतीच्या भोकात जिथनं नळी जाते तिथं स्टीलची घासणी कोंबून बसवली, उंदीर ती कुरतडत नाही.

नळीचं सिंकखालचं टोकसुद्धा बघा. सिंकचा पाइपच तुंबलेला असेल तर मशीननं टाकलेलं पाणी तिथंच उलटं येतं आणि शिव्या मशीनला बसतात. नळी खाली मोरीत नुसती टाकून ठेवू नका, मॅन्युअलमध्ये उंची दिलेली असते, बऱ्याच मशीनना किमान ४० सेंटीमीटर तरी वरनं वळवून न्यायला सांगतात, नाहीतर पाणी आपोआप ओढलं जातं.

मशीन कोड दाखवून बंद पडलं असेल, बॉश आणि सीमेन्समध्ये ई १५ म्हणतात तो, तर तळाच्या ट्रेमध्ये पाणी साठून तिथला थर्माकोलचा फ्लोट वर आलाय आणि मशीननं स्वतःला लॉक केलंय. प्लग काढून खालची पट्टी काढा, स्पंजनं पाणी टिपून घ्या, पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात म्हणून हातमोजे घाला. यूट्यूबवर मशीन मागं कलवून पाणी काढतात, कोड जातो आणि लोक खूश होतात. गळती तशीच राहते आणि आठवड्यानं कोड परत येतो. ट्रे कोरडा करून टॉर्चनं वर बघा, पांढऱ्या किंवा तपकिरी क्षाराचा ओघळ दिसतो का. ओघळ जिथं संपतो त्याच्या वरती गळती. तो ओघळ पंपाच्या शाफ्टखाली असेल तर मेकॅनिकल सील गेलं, इथं मात्र मी सुद्धा हात आखडता घेतो, बऱ्याच नव्या मशीनमध्ये पंप आणि हीटर एकच तुकडा असतो, सील सुटं मिळत नाही. मेकॅनिकला बोलवा. हेल्पलाइनवर कन्नड बोलणारा लागला तर "नीर सोराकत्तैतरी" (पाणी गळायलंय) म्हणा, आणि पुढं पाणी केव्हा आणि कुठनं येतंय तेवढं सांगा. हे सांगितलं की तो पार्ट घेऊनच येतो, नाहीतर पहिली व्हिजिट नुसती बघून जायची आणि त्याचे पैसे वेगळे.

सगळं झालं की आधी रिकामं एक रिन्स, मग ७० डिग्रीचा मोठा प्रोग्रॅम भांड्यासकट, कारण गार पाण्याला धरलेला जॉइंट गरम झाल्यावर सुटतो. खालची पट्टी लगेच लावू नका, तीन दिवस उघडीच ठेवा आणि पेपर रोज बदलत जा. आत्यांच्याकडं दुसऱ्या दिवशी पेपरवर रुपयाएवढा डाग आला होता. बघितलं तर चहा सांडलेला.